कड्यावरचा चष्मा

१

शिडीचा चष्मा कड्याच्या टोकावर सापडला, तेव्हा मी तिच्या नावाने बोटं मोडत तिच्या चहावर बशी झाकत होते.

शिडी म्हणजे माझी मैत्रीण. शाळेपासून ती शिडी आणि मी भिंग. पुढे तिने लिफ्ट तपासायची नोकरी धरली आणि मी चष्म्याचं दुकान टाकलं, तेव्हा नावं ठेवणाऱ्यांची दूरदृष्टी सगळ्यांनी मानली. जोडून सुट्टी आली की या बाईच्या पायाला भिंगरी लागते. मी जन्मजात भित्री. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा तर देवाचा धावा करणारी. तरी दरवेळी तिच्यामागे डोंगरात फरफटत येतेच.

सकाळी तंबूत जाग आली तर ती नव्हती. बूट नव्हते, पाण्याची स्टीलची बाटली नव्हती. गेली असेल उजाडताच भटकायला, असं म्हणून मी जेवणाच्या छपरीत चहा घेत बसले. बाहेर धुकं इतकं की पलीकडचा तंबूही दिसेना.

त्या धुक्यातून वाटाड्या आला. आम्ही उतरलो होतो त्या तंबूंच्या मुक्कामाच्या मालकाचा हा मेहुणा, तिशीचा, काटकुळा. त्याच्या हातात तपकिरी फ्रेमचा चष्मा होता. मी नाही ओळखणार तर कोण? काचा मीच बसवलेल्या.

"ताई, कड्याच्या अगदी टोकाला पडला होता," तो म्हणाला. "त्याच्या पुढे काहीच नाही."

मी बाकावर आदळले.

"धुक्यात पाय घसरला असणार," मालक म्हणाला. तो मागोमाग आला होता. "ताई, धीर धरा. हा खाली गावात जाऊन माणसं आणेल. कड्याखाली उतरायला दुपार होईल, पण आम्ही शोधूच."

"आणि तोवर ती जिवंत असली तर?"

वहिनी, म्हणजे मालकाची बायको, चुलीपाशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि चटकन मान खाली घातली. माझ्या भीतीला तिथून वेगळंच वळण लागलं. अशी मान दुःखाने खाली जात नाही.

२

आधी आदल्या दिवशीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

डोंगराच्या सपाटीवर हा मुक्काम. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला घळ आणि घळीवर झुलता पूल. गावाकडे उतरणारी पायवाट वेगळी, पण आम्ही आलो ते पुलाच्या बाजूने. मी डोळे मिटून, शिडीच्या पाठपिशवीचा पट्टा धरून पार झाले. ती मात्र पूल ओलांडून झाल्यावर थबकली, जवळचा चष्मा नाकावर चढवला आणि पोलादी तारांची टोकं आणि ती खांबांशी आवळणारे चाप न्याहाळायला लागली.

"चाप उलटे बसवलेत," ती म्हणाली. "कठड्याच्या तारेचेही आणि खालचेही. आज ना उद्या सुटणार."

जेवताना तिने तेच सगळ्यांसमोर सांगितलं. "इथे रेंज नाही, पण घरी गेले की कचेरीत कळवणार आहे. तोवर पुलावर कोणी जायचं नाही."

त्या वेळी छपरीत आम्ही दोघी धरून सहाजण होतो. माझ्या धंद्याची खोड अशी की माणूस समोर आला की मी आधी नाक बघते. मालकाचं नाक बटाट्यासारखं, कपाळ रुंद, वय पन्नाशीपार. मोबाइल हात लांब करून वाचत होता. मी म्हटलंही, "मालक, हात आखूड पडायला लागले की दुकानात या."

"मला कशाला चष्मा?" तो हसला. "मला डोंगरापलीकडची शेळी दिसते. आणि ताई, तुमच्या मैत्रिणीला सांगा, या पुलावरून हत्ती जाईल."

वाटाड्याचं नाक चिमटीत मावेल एवढं. चाप त्यानेच बसवले होते, त्यामुळे शिडी बोलली तेव्हा त्याचे कान लाल झाले. वहिनीचं नाक सरळ आणि त्यावर दोरी लावलेला स्वतःचा चष्मा. सहावा म्हणजे पक्षीवाला, एकटाच आलेला पाहुणा. जाड काचांचा लांबचा चष्मा, गळ्यात दुर्बीण. पुलापलीकडे कुठल्यातरी पक्ष्याचं घरटं होतं आणि त्यासाठी त्याने वर्षाची रजा साठवली होती. पूल बंद म्हटल्यावर त्याने सूपचा वाडगा असा आपटला की माझ्या अंगावर शिंतोडे उडाले.

नंतर शिडीने माझ्या बोटातलं कुसळ काढलं. सुई, चष्मा, सगळा सरंजाम. काढून झाल्यावर सवयीप्रमाणे चष्मा टेबलावर टाकून निघाली.

"अगं, चष्मा!" मी ओरडले.

"सकाळी घेते गं. इथे कोण चोरतंय?"

तंबूशी येऊन तिने खांबावर बाटली ठोकली, ठक-ठक-ठक. ही तिची जुनी खोड. माझ्या दुकानाच्या शटरवरही अशीच ठोकते. लिफ्टच्या भुयारात ओरडायचं नसतं म्हणे, आवाज फुटतो आणि कुठून आला ते कळत नाही. म्हणून लोखंडावर ठोकायचं. तीन ठोके म्हणजे 'मी खाली आहे, काही हलवू नका.'

"इथे कुठे खाली आहेस?" मी म्हटलं.

"झोपायला खालीच पडायचंय ना!" ती हसली. तिचं शेवटचं ऐकलेलं बोलणं ते.

३

वाटाड्या गावाकडे निघाला. मालक दोर आणायला कोठारात गेला. मी तो चष्मा छातीशी धरून रडत बसले होते. रडता रडता हात आपोआप काम करायला लागले, काड्या मिटायला लागले. आणि उजव्या काडीच्या आत मला लाल ठिपका दिसला.

माझं रडणं तिथल्या तिथे थांबलं.

शिडीला बायफोकल चालत नाही. उंचावरून खाली बघताना काचेच्या खालच्या भागातून पायरी अंधूक दिसते आणि तिच्या कामात पायरी चुकली की माणूस गेला. म्हणून तिचे चष्मे दोन, एक लांबचा, एक जवळचा. फ्रेम मात्र एकच, कारण बाईसाहेबांना दुसरी कुठली शोभत नाही. मग मीच जवळच्या चष्म्याच्या काडीला आतून नखाच्या लाल रंगाचा ठिपका देते. हे मला आणि तिलाच ठाऊक.

माझ्या हातात होता तो जवळचा. हा घालून शिडीला स्वतःचे बूट धड दिसत नाहीत. उठून उभी राहायची झाली तरी ती तो काढते. कड्याच्या टोकापर्यंत हा घालून ती चालत जाणं शक्यच नव्हतं.

आणि हा तर रात्री टेबलावर राहिला होता! म्हणजे कोणीतरी तो उचलून कड्यावर नेऊन ठेवला होता. कोणीतरी या चौघांपैकीच. मी त्यांच्याच हातचा चहा पीत बसले होते.

ओरडावं, पळावं, की गप्प बसावं? पळून जाणार कुठे? चहूकडे धुकं आणि दरी. शेवटी मी नाक पुसलं आणि चुलीपाशी गेले.

"वहिनी, काल टेबलावर शिडीचा चष्मा राहिला होता. पाहिलात?"

वहिनीच्या हातातला चमचा थांबला. "हो. मिठाच्या बरणीपाशी होता. मी उचलून फळीवर ठेवला."

"सकाळी होता?"

"मी पाहिलं नाही." तिने पुन्हा मान खाली घातली. "सकाळपासून सगळेच येऊन गेले इथे."

पक्षीवाला छपरीच्या दाराशी दुर्बीण पुसत उभा होता. मी सरळ विचारलं, "पहाटे कुठे होतात?"

"तंबूत. धुक्यात काय दिसणार?" तो ओशाळला. "कालच्या रागाबद्दल माफ करा, ताई. माझ्या मनात काही वाईट नव्हतं. खरं सांगू? मी पहाटेपासून एका आवाजाच्या मागे आहे. घळीच्या बाजूने येतो. ठक-ठक-ठक, मग थांबतो, मग पुन्हा ठक-ठक-ठक. असा पक्षी मी जन्मात ऐकला नाही. मालकांना विचारलं तर म्हणाले, सुतारपक्षी असेल. अहो, सुतारपक्षी लाकडावर ठोकतो. हा आवाज लोखंडाचा होता!"

तीन ठोके. लोखंडावर.

"शेवटचा कधी ऐकलात?"

"बराच वेळ झाला," तो म्हणाला. "आता बंद पडलाय."

४

मी त्याचा दंड धरला. "पळा. वाटाड्याला परत बोलवा, दोर घेऊन. कड्याकडे नाही, पुलाकडे. काही विचारू नका."

तो भला माणूस. काही न विचारता धुक्यात पळाला. मी वळले तर मालक दारात उभा. खांद्यावर दोराचं वेटोळं, जाकिटाचा खिसा जड होऊन लोंबत होता.

"चला ताई," तो हळुवार म्हणाला. "तुम्हाला कड्यावर नेतो. एकदा डोळ्यांनी बघा, म्हणजे मनाची समजूत पडेल."

दार एकच आणि त्यात तो. चष्मा अजून हातात होता. भीतीने बोटं काड्यांशी चाळा करत होती आणि त्या चाळ्यात मला कळलं की काड्या फाकल्यात. दोन आठवड्यांपूर्वी मीच त्या शिडीच्या अरुंद डोक्याला घट्ट करून दिल्या होत्या. कुणीतरी रुंद डोक्याच्या माणसाने हा चष्मा घातला होता. नुसता उचलून नेला नव्हता, चांगला बराच वेळ घातला होता.

कोण? वाटाड्याचं डोकं नारळाएवढं, आणि तिशीत जवळचा चष्मा कुणाला लागतो? वहिनीचा चष्मा तिच्या गळ्यातच. पक्षीवाल्याला याच्यातून धुक्याखेरीज काही दिसलं नसतं.

मी मान वर करून मालकाकडे पाहिलं. सवयीने, आधी नाक. त्या बटाट्याच्या दोन्ही बाजूंना दोन लाल वळ होते, लंबुळके, ताजे. ज्याला चष्म्याची सवय नाही त्याच्या नाकावर घट्ट चष्मा बसला की असेच उठतात. सकाळी तो आला तेव्हाही मला ते दिसले असणार, पण मी तेव्हा माणसात कुठे होते!

"काय झालं ताई? चेहरा का उतरला?"

"चक्कर येतेय," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. "जरा पाणी आणता?"

तो माठाकडे वळला आणि मी दारातून सुटले. मी, स्टुलावर न चढणारी, दरीच्या काठाने आंधळ्यासारखी धावत सुटले. मागून त्याच्या बुटांचा आवाज येत होता.

५

पुलाचे खांब धुक्यातून अचानक पुढ्यात आले. डावीकडची कठड्याची तार जागेवर नव्हती. ती सैल होऊन खांबाच्या बुंध्याशी नुसती एका गाठीने अडकली होती आणि तिचं पलीकडचं टोक निसटून खाली घळीत लोंबत होतं.

"ताई, मागे या!" मालक धापा टाकत ओरडला. "पुलावर पाय ठेवू नका, धोका आहे!"

मी वळले. "काल तर हत्ती जाणार होता."

आमच्यात चार पावलांचं अंतर आणि माझ्यामागे घळ. त्याचा हात जड खिशावर होता. एक धक्का पुरला असता. 'दोघी मैत्रिणी धुक्यात घसरल्या,' एवढंच कळलं असतं लोकांना.

"खिशात पाना आहे ना, मालक?" माझा आवाज चिरकला, पण निघाला. "पहाटे गुपचूप चाप सरळ करायला आलात. बारीक काम, जवळचं दिसेना, म्हणून फळीवरचा चष्मा घातलात. शिडी तुमच्या आधीच पुलावर होती ना?"

"मला माहीत नव्हतं!" तो ओरडला. "धुकं होतं! मी चाप सैल केला आणि पलीकडून ती येत होती. तिने तारेला धरलं..." त्याचा आवाज खाली आला. "सुट्टीचे दिवस, सगळे तंबू भरणार आहेत. लोकांना कळलं असतं तर हे सगळं बंद झालं असतं. बाई तर गेलीच होती, ताई. मी खाली पाहिलं. काही नव्हतं."

"हाक मारलीत?"

तो पुढे सरकला. हात खिशात गेला.

"अहो!"

वहिनी होती. धुक्यातून चालत आली, पदर खोचलेला, तोंड पांढरंफटक. "फळीवरचा चष्मा यांनीच नेला," ती मला म्हणाली. "मी डोळ्यांनी पाहिलं आणि गप्प बसले. वाटलं, असेल काही कामाला. मग माझ्याच भावाच्या हातात तो कड्यावरून परत आला." ती नवऱ्याकडे वळली. "भावाला कड्याकडे तुम्हीच धाडलंत. त्याच्या हातून सापडायला हवा होता ना चष्मा? खिशातलं काढा. काढा म्हणते ना!"

पाना दगडावर पडला तेव्हा खणखणला. मी झडप घालून तो उचलला. मालकाला वाटलं असेल, मी त्याला मारणार. मी पुलाच्या खांबाशी गुडघ्यांवर बसले आणि त्या लोंबत्या तारेच्या गाठीवर पाना आपटला. ठक-ठक-ठक.

काही नाही. फक्त खाली कुठेतरी पाणी वाहत होतं.

"शिडे," मी पुटपुटले, "मेलीस तर बघ, जन्मात बोलणार नाही तुझ्याशी." आणि पुन्हा आपटला. ठक-ठक-ठक.

मी कान तारेलाच लावला. थंडगार लोखंड. आणि त्या लोखंडातून, खूप खालून, दमलेला, विसकटलेला आवाज आला.

ठक. ठक. आणि बऱ्याच वेळाने, ठक.

मी भोकाड पसरलं. मालक मटकन खाली बसला. "सुतारपक्षी," तो म्हणत राहिला. "मला वाटलं सुतारपक्षी."

६

वाटाड्याने उतरून तिला वर आणलं. घळीत एका दगडी पायरीवर झुडपांत अडकली होती. पाय मोडला होता आणि बरगड्याही, म्हणून ओरडायला श्वास पुरत नव्हता. लोंबत्या तारेचं टोक हाताशी आलं आणि बाटली पट्ट्याला होती, म्हणून ठोकत राहिली. वर आणताना वाटाड्या रडत होता. चाप आपण बसवले, चष्मा आपण आणला, एवढंच त्याच्या तोंडी. भावोजींकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. त्या संध्याकाळी मालकाला पोलीस घेऊन गेले, तेव्हा वहिनी सोबत गेली, पण बाजू घ्यायला नाही. जे पाहिलं ते सांगायला गेली.

इस्पितळात शिडीने डोळे उघडले तेव्हा मी तिचा लांबचा चष्मा तिच्या नाकावर चढवला, एक काच तडकलेली.

"भिंगे," ती म्हणाली, "दोन-दोन दिसतेयस. एकच पुरेशी होतीस गं."

"गप बस. कोणी जायचं नाही म्हणालीस आणि स्वतःच गेलीस?"

"पलीकडचे चाप बघायचे होते. जवळचा चष्मा न्यायला छपरीत गेले तर टेबलावर नव्हता. म्हटलं, मोबाइलवर फोटो काढू, मग मोठे करून बघू."

मी तिला सूप भरवत होते. काही वेळ ती गिळत राहिली. मग तिचा चेहराच बदलला. घळीतली भीती पुन्हा तिथे येऊन बसली.

"तुला एक सांगायचंय," ती म्हणाली. "पडल्यावर मध्येच धुकं फाटलं. तो वर पुलाच्या तोंडाशी उभा होता. मला स्वच्छ दिसला. वाकून थेट माझ्याकडे बघत होता. मी हात हलवला, भिंगे. दोन्ही हात हलवले. तो बघत राहिला आणि मग वळून निघून गेला. असं कसं बघू शकतो गं माणूस?"

मी चमचा खाली ठेवला.

"त्याच्या नाकावर काय होतं?" मी विचारलं.

ती आठवायला लागली. "चष्मा," ती म्हणाली. "माझाच."

ठिपक्याचा. त्यातून चापाचे आटे दिसतात, बोटातलं कुसळ दिसतं, पण खाली घळीत हात हलवणारी बाई दिसत नाही. नुसता हिरवा-करडा चिखल दिसतो. डोंगरापलीकडची शेळी दिसायची त्या माणसाला. चष्मा फक्त कपाळावर सरकवायचा होता.

शिडी माझ्याकडे बघत होती. मी तिला हे सांगितलं. मग ती हळूच म्हणाली, "विसरला असेल का गं काढायला?"

"नाही," मी म्हटलं. "नवा चष्मा नाकावर असल्याचं कोणी विसरत नाही."